माझी हरलेली केस आणि तुझा शनिवारचा वर्ग

विदुला, तू सकाळी सगळ्यांनाच फोन करायचीस, हे मला गुरुवारी तुझ्या शोकसभेत कळलं.

मी तिथे बोलायला त्या फोनचीच गोष्ट घेऊन गेले होते. दुसरं काही ठरवलंच नव्हतं. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. सकाळी गॅसवर चहा असताना तुझा फोन यायचा, तू 'हॅलो' न म्हणता थेट सुरू करायचीस, "मंगल, तुझी केस आज बोर्डावर आहे ना? तो जुना निकाल वाचू नकोस हं. गेला तो." आणि मी हातातला चमचा टाकून फाइल शोधायला धावायची. मग दादरच्या त्या छोट्या हॉलमध्ये पहिला माणूस बोलायला उठला, भाड्याच्या केसेस चालवणारा कुणी सावंत, आणि म्हणाला, "ताईंचा मला सकाळी फोन यायचा." त्याच्यानंतर एक मुलगी उठली. तिलाही यायचा. मग कामगार कोर्टातले एक टक्कल पडलेले गृहस्थ, ज्यांचं नावसुद्धा तू माझ्याकडे कधी काढलं नव्हतंस, त्यांनाही यायचा! आणि 'गेला तो' हे शब्दसुद्धा अगदी तेच. माझा नंबर आला तोवर माझं सगळं भाषण लोकांनी वाटून खाल्लं होतं. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, मला रडू आवरेना. खरं तर मला तुझा भयंकर राग आला होता.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर तिला कळेचना, एवढं काय त्यात. मग तिला समजावत बसले. एखादा निकाल वरच्या कोर्टाने उलटवला तरी तो पुस्तकातून काही नाहीसा होत नाही. छापलेला असतो तिथेच राहतो, फोनवर शोधलं तरी सापडतो, आणि घाईत असलेला वकील तो उचलतो आणि भर कोर्टात वाचतो. समोरचा वकील मग नुसता उभा राहून नवा निकाल पुढे करतो. त्या वेळी जी शोभा होते ती आमच्या धंद्यात कुणी विसरत नाही. विदुला रोज नवे निकाल वाचायची, स्वतःकडच्या जुन्या खंडांमध्ये समासात पेन्सिलीने 'गेला' असं लिहायची, मग कोर्टाचा त्या दिवसाचा बोर्ड बघायची आणि ज्याची त्या विषयातली केस असेल त्याला फोन लावायची. लेक सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे ती सगळ्यांना मदत करायची. मग छान आहे की. आई, तू मेलेल्या मैत्रिणीवर जळतेयस?"

हो. जळतेय. तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, पण तुला ठाऊक असणारच. तुझ्यावर जळणं हे माझं जुनं काम आहे, वकिलीपेक्षाही जुनं.

सुरुवात पुस्तकांपासून झाली. लॉ कॉलेजच्या लायब्ररीत निकालांचे ते जाडजूड खंड घरी न्यायला मिळायचे नाहीत, आणि खुर्च्या कधी रिकाम्या नसायच्या. मी कपाटाला टेकून उभ्याने वाचायची, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. तू मात्र हात हलवत यायचीस, इकडेतिकडे बघायचीस आणि निघून जायचीस. मला वाटायचं, काय माजलेली मुलगी आहे. मग एक दिवस तूच म्हणालीस, "उभी कशाला राहतेस गं? घरी ये ना. आमच्याकडे आहेत सगळे." सगळे! गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी, तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत तुझ्या आजोबांपासूनचे खंड ओळीने लावलेले होते, पाठीवर सोनेरी आकडे. तू जमिनीवर पालथी पडून, कोपरं टेकून, पाय हलवत ते वाचायचीस. मला पुस्तकांपेक्षा त्या जमिनीचा हेवा वाटला. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत रात्री माणसं आडवी झाली की पाऊल टाकायला जागा नसायची. पालथं पडून वाचता येतं, ही गोष्टच मला तोवर माहीत नव्हती.

तू मला ती खोली दिलीस. परीक्षा असो नसो, मी तिथे येऊन बसायची, तुझे वडील आत चहा सांगायचे. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर हिशोब मिटल्यासारखा झाला असता आणि मला जळायला काही उरलं नसतं.

त्यात तू आमच्या घरी आलीस, आणि माझ्या आईने तुला पाहिलं. झालं. त्या दिवसापासून दर सुट्टीला तिचं सुरू, "विदुला येतली काय गो? तिका बांगड्याचो तिखलो आवडता." मला काय आवडतं ते विचारल्याचं मला आठवत नाही. कालवणातला मधला तुकडा तुझ्या ताटात, शेपटी माझ्या. मी कुरकुर केली की म्हणायची, "तू घरचा गो. ता दुसऱ्याचा पोर." आणि तू मिटक्या मारत माझ्याकडे बघून हसायचीस.

मग आपण दोघी एकाच सिनियरकडे लागलो, आणि मला वाटलं, आता तरी माझी पाळी. कारण कोर्टात उभं राहणं तुला जमायचं नाही. घाबरायची नाहीस तू. तुझी अडचण वेगळीच होती. समोरचा वकील चांगला मुद्दा मांडायला लागला की तू मान डोलवायचीस! आपण इकडे पोटतिडकीने भांडतोय आणि आपल्याच बाजूला बसलेली ही बाई शत्रूला दाद देतेय. एकदा जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "मॅडम, आपण नेमक्या कुणाच्या बाजूने हजर आहात?" सगळं कोर्ट हसलं. सिनियरनी बाहेर येऊन तुला धुतलं. तू म्हणालीस, "पण सर, त्यांचं बरोबर होतं." त्यानंतर काही महिन्यांनी तू कोर्टात उभं राहणं सोडलंस आणि निकालांच्या डोक्यावर जो सारांश छापतात तो लिहून देण्याचं काम घेतलंस. मी तुला थांबवायला पाहिलं, खूप बोलले, आणि आतल्या आत सुखावले.

हे सुख फार टिकलं नाही. तू शनिवारचा वर्ग सुरू केलास.

आधी चार ज्युनियर पोरं यायची. कोर्ट बंद, घरी काम नाही, गिरगावात फुकट चहा आणि खारी मिळते म्हणून येत असतील असं मी तुला म्हटलं होतं. मग पोरं वाढली. नायगावहून, परळहून, कुठून कुठून यायची. तुमच्या जिन्यात चपलांचा ढीग लागायला लागला. ना फी, ना हजेरी, ना सर्टिफिकेट. एक निकाल घ्यायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा. आणि मग तुझा तो प्रश्न, "जिंकलेल्याचं सगळ्यांनाच पाठ असतं. हरलेला काय म्हणत होता ते सांगा."

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, हे चोचले आहेत. आजच्या काळात कुणाला एवढा वेळ आहे? शब्द टाकला की फोनवर निकालांची रांग लागते. सारांश वाचायचा, शेवटचा परिच्छेद वाचायचा, आणि उभं राहायचं. तू फोनच्या विरुद्ध नव्हतीस, उलट माझ्याआधी तूच ते सगळं शिकलीस आणि मला शिकवलंस. पण तू म्हणायचीस, "शोध मशीनवर, वाच मात्र डोळ्यांनी. अगं, तो सारांश मीच लिहिते, म्हणून सांगते, त्याच्यावर विसंबू नकोस." मी म्हणायची, "तू लिहितेस म्हणून तर विसंबते." आपल्या भांडणात तुला गप्प करणारं एवढं एकच वाक्य माझ्याकडे होतं.

आणि मग तू त्या वर्गात माझी केस घ्यायला लागलीस.

सुमनची केस. लालबागच्या चाळीतली एक खोली. सुमनला लहानपणापासून मावशीने वाढवलं. खोली मावशीच्या नावावर. मावशी वारली तेव्हा सुमन नर्सिंगच्या शिक्षणासाठी हॉस्टेलवर राहत होती. कायदा असा की भाडेकरू मेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला खोली मिळते. सुमन कुटुंबातली हे घरमालकाने मान्य केलं. तो म्हणाला, पण ती 'राहत' कुठे होती? ती तर हॉस्टेलवर होती. खालच्या कोर्टांतून भांडत आम्ही हायकोर्टापर्यंत आलो. मी तयारीने उभी होते, चांगलं चाललं होतं, आणि जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, "मॅडम, माणूस एखाद्या घरात राहायचा थांबतो, तो नेमका कधी?"

मला उत्तर आलं नाही. मी पान उलटलं. परत उलटलं. ते थांबले होते, त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि मी काहीतरी 'तात्पुरतं वास्तव्य' वगैरे पुटपुटले. सुमनची खोली गेली. ती आता नालासोपाऱ्याला राहते, मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, दर दिवाळीला मला मेसेज करते. त्या मेसेजमध्ये तक्रार नसते. तो उघडायला मला भाऊबीज उलटून जावी लागते.

आणि ही केस तू दरवर्षी, नवी पोरं आली की, सगळ्यांत आधी शिकवायचीस. मोठमोठ्या वकिलांच्या हरलेल्या केसेसची कपाटं भरली होती तुझ्याकडे. त्यांतली एक घेता आली नसती? वर मलाच फोन, "शनिवारी तुझी केस आहे. ये." मी म्हणायची, "माझ्याच तेराव्याला मी जेवायला येऊ का?" तू हसायचीस आणि म्हणायचीस, "बरं, पुढच्या वर्षी ये." मी एकदाही आले नाही. माझीच का घेतेस, हे मी विचारलं नाही, आणि तूही आपणहून सांगितलं नाहीस. मला वाटायचं, मी कोर्टात नाव काढलं, तू काढलं नाहीस, म्हणून तू निदान माझ्या पराभवावर आपला वर्ग चालवतेस. असं वाटणं हलकं होतं, पण वाटायचं.

तर शोकसभा. शेवटी प्रभाकरसर उठले. तुला माहीत आहेत ते, मोठे सिनियर, मोठा आवाज. म्हणाले, विदुलाताईंचं कार्य पुढे नेलं पाहिजे. आपण हा वर्ग ऑनलाइन करू. तज्ज्ञांची व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवू, कुणीही कधीही बघावीत, शेवटी प्रश्नावली, उत्तरं बरोबर आली की सर्टिफिकेट. लोक माना हलवायला लागले. वाईट काहीच नव्हतं त्यात, दूरच्या तालुक्यातल्या वकिलांना उपयोगच झाला असता. पण मागच्या रांगेत तुझी पोरं बसली होती ती एकदम खाली बघायला लागली. आणि मला एकाएकी असह्य झालं. तुझ्या खोलीत, तुझ्या खंडांसमोर कॅमेरा लावून हा माणूस बोलणार? मी उठले आणि म्हणाले, "वर्ग आहे तिथेच चालेल. येत्या शनिवारी मी घेते."

सगळे वळून बघायला लागले. तुझा भाऊ श्रीधर माझ्याकडे बघतच राहिला. तो म्हणाला, "मंगल, नक्की? पोरं आली नाहीत तर खोली बंदच करावी लागेल, मला एकट्याला झेपायचं नाही." त्याचं बरोबर होतं. तुझ्याविना पोरं आली नाहीत, किंवा आली आणि कंटाळून गेली, तर पुढच्या शनिवारी त्या जिन्यात चपला नसणार होत्या. मला कार्यबिर्य काही पुढे न्यायचं नव्हतं, विदुला. तुझी जागा दुसऱ्या कुणाला मिळू नये, एवढंच हवं होतं.

काल दुपारी गेले. पोरं आली होती. श्रीधरने चहा ठेवला होता, खारीचं ताट तेच, खंडांना हात लावण्याआधी पुसायचं फडकं तेच. पोरं सतरंजीवर बसली होती आणि तुझी वेताची खुर्ची त्यांनी रिकामी सोडली होती. मी मुद्दाम जाऊन तीत बसले. ती करकरली. सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू मी देव्हाऱ्यात पाय ठेवलाय.

पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, मी रेवती. नायगावला राहते, पोलीस क्वार्टर्समध्ये." मग चुळबुळत, "आज खरं तर तुमचीच केस होती. ताईंनी मागच्या शनिवारी वाचायला दिली होती. पण आपण दुसरी घेऊ या ना. चालेल."

"का? घ्या की. मी काय कागदाची आहे?"

तिने कपाटातून खंड काढला. मला ते पान तोंडपाठ आहे, वर निकालाचं नाव, खाली बारीक अक्षरात वकिलांची नावं, अर्जदारातर्फे माझं. तेवढ्यात लालबागचा एक उंच मुलगा, ओंकार, म्हणाला, "मॅडम, इथे आधी एक असतं. ताई विचारायच्या, आज मंगल कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकाने उभं राहायचं आणि तुमची केस लढायची. एक जण जज्ज. आणि जज्जने तो प्रश्न विचारायचाच." तो लाजला. "मागच्या वर्षी मी झालो होतो मंगल. पार वाट लागली माझी."

"माझी पण," मागून एक जण म्हणाली. "मी तर रडले मॅडम, सिरियसली."

इतकी वर्षं, इतकी पोरं, सगळी कधी ना कधी मी झाली होती. मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "मग सापडलं का कुणाला उत्तर?"

ओंकारने रेवतीकडे पाहिलं. "एक बोलू का मॅडम? राग नका मानू. तुम्ही तो पोटमाळा झाकून ठेवलात ना, तिथेच केस गेली."

"ए, गप रे!" रेवतीने त्याला कोपर मारलं.

पोटमाळा. निकालाच्या सुरुवातीला, जिथे नुसती हकिकत असते आणि जी घाईत कुणी वाचत नाही, तिथे ते एका ओळीत आहे. मावशीने सुमनला अभ्यासाला आणि झोपायला म्हणून खोलीत लाकडी पोटमाळा घातला होता, आणि घरमालकाने नोटीस पाठवली होती, 'भाचीला झोपण्यासाठी विनापरवाना माळा घातला आहे.' विनापरवाना बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, म्हणून मी त्या ओळीच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. कुठलाही वकील राहिला नसता. आणि हा कालचा पोरगा मला सांगत होता, "मॅडम, मालक स्वतःच लिहून देतोय ना, की भाची इथे झोपते. त्याहून मोठा पुरावा काय पाहिजे? आणि मावशी गेली तेव्हा माळा होता तिथेच होता. तिची जागा तिथे आहे, मग ती राहायची थांबली कुठे?"

मी विचारलं, "हे तुम्हाला विदुलाने सांगितलं?"

"नाही हो. ताई सांगत नाहीत कधी," रेवती म्हणाली, आणि मग हळूच, "सांगायच्या नाहीत. आम्हालाच शोधायला लावायच्या. पण त्यांना पण आधी नव्हतं माहीत. त्या म्हणायच्या, मला हे सुचलं ते कितीतरी वर्षांनी, ह्याच खुर्चीत, चहा पिता पिता. मंगलला उभ्या उभ्या सुचायला हवं होतं. बसलेल्या माणसाने उभ्या माणसाची चूक काढायची असेल तर आधी एकदा त्याच्या जागी उभं राहावं. म्हणून सगळ्यांना मंगल व्हायला लावायच्या."

मी चहाचा कप हातात घेतला आणि नुसताच धरून बसले. म्हणजे हे होतं. दरवर्षी 'ये' म्हणायचीस ते याच्यासाठी. आणि त्या खोलीत बसलेल्या एकूण एक पोरांना हे माहीत होतं, मला सोडून. त्या वेळी मला तुझा हेवा वाटायचा थांबला, विदुला, पहिल्यांदाच. मला त्या पोरांचा हेवा वाटला. त्यांना शनिवारची तू मिळाली होतीस. मला सकाळची, घाईतली, फोनवरची तू मिळालीस, तीही सगळ्यांसोबत वाटून. मला खूप रडावंसं वाटलं, पण पोरं बघत होती.

म्हणून मी भांडायला लागले. दुसरं मला येतं काय? खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "तुमच्या ताईंच्या उत्तरात भोकं आहेत." पोरं सावरून बसली. "एक, नोटीस आली तेव्हा सुमन घरीच राहत होती, हॉस्टेलला गेलीच नव्हती. त्या नोटिशीने ती तेव्हा राहत होती एवढंच सिद्ध होतं. मावशी मेली त्या दिवसाचं काय? आणि दोन, तुम्ही माळा उघडा केलात की मालक उद्या विनापरवाना बांधकामाची केस टाकतो. वारसाहक्क जिंकलात आणि खोली घालवलीत. सांगा आता."

ओंकारने डोकं खाजवलं. दोघे-तिघे फोनमध्ये शोधायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या खोलीत, तुझ्या खंडांसमोर, तुझ्या पोरांसमोर मी तुला गप्प केलं होतं.

मग रेवती म्हणाली, "मॅडम, ताई असत्या तर याच्यावर काय म्हणाल्या असत्या?"

तिने मला विचारलं. त्या खोलीत तुला सगळ्यांत जुनं ओळखणारी मीच होते. आणि मी विचार करायला लागले, तुझ्यासारखा. तू आधी मान डोलावली असतीस. "बरोबर आहे तुझं, मंगल," म्हणाली असतीस. मग खारी चहात बुडवली असतीस. मग...

"माळ्याचं सोपं आहे," मी म्हटलं. "खिळे काढले की सुटणारा लाकडी माळा म्हणजे कायमचं बांधकाम नव्हे, असं ती म्हणाली असती, आणि त्यावरचे निकाल तुम्हाला शोधायला लावले असते. शिवाय मालक नोटीस देऊन गप्प बसला, केस केली नाही, हेही तिने काढलं असतं."

"आणि पहिलं?"

पहिल्यावर मी अडले. परत तशीच, उभी, सगळे थांबलेले. आणि विदुला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तो प्रश्न दुसऱ्या बाजूने ऐकला. माणूस एखाद्या घरात राहायचा थांबतो, तो नेमका कधी?

"तो प्रश्न मंगलला नव्हताच," मी म्हटलं. "नोटिशीने सुमन तिथे राहत होती हे एकदा ठरलं ना? मग ती राहायची थांबली असं जो म्हणतो, त्याने सांगायचं कधी थांबली. मालकाने. मंगलने फक्त एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हे आपण समोरच्या बाजूच्या माझ्या विद्वान मित्रांना विचारावं."

कुणीतरी टाळी वाजवली. ओंकार म्हणाला, "आईशप्पथ." दोघे-तिघे एकदम बोलायला लागले, आणि रेवती गुडघ्यावर उठून तुझ्या डब्यातली पेन्सिल घेऊन त्या पानाच्या समासात भराभर लिहायला लागली. पोरं निघाली तेव्हा श्रीधर जिन्यात उभा राहून पुढच्या शनिवारी किती खारी आणायची ते विचारत होता.

रेवती अजून त्या पानावरच होती. मी वाकून पाहिलं. वर बारीक छापील अक्षरात माझं नाव, हरलेल्यांच्या बाजूला. शेजारी समासात तिने लिहिलं होतं, 'उत्तर : विदुलाताई. प्रश्न मालकाला होता.'

ते उत्तर माझं होतं गं! तू ते कधी म्हणाली नव्हतीस, त्या खुर्चीतही तुला ते सुचलं नव्हतं, ते मला सुचलं, उभ्या उभ्या. बांगड्याचा मधला तुकडा गेला, सकाळचा फोन वाटून गेला, आता हेही तुझ्याच ताटात.

रेवतीने वर पाहिलं आणि विचारलं, "बरोबर लिहिलंय ना मॅडम?"

मी म्हटलं, "जरा दाबून लिही. पेन्सिल पुसली जाते."